बांधावरची झाडं तीच छाटेल

२ डिसेंबर
यंदा युरिया बंद! ठरलं म्हणजे ठरलं. बांधावर हिने लावलेली गिरिपुष्पाची रांग आहेच. कोवळा पाला छाटायचा, मक्याच्या ओळीत पसरायचा, वर माती ओढायची. घरचं नत्र. शेजाऱ्याला सविस्तर समजावलं. तो म्हणाला, वहिनी दरवर्षी हेच करतात, तुम्ही बांधावर बसून बघता. कोत्या मनाचा माणूस.

९ डिसेंबर
हिला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. किरकोळ आहे. गंभीर चेहरा करायची डॉक्टरांना सवयच असते. मुलगी तिथे आहे, शेताची जबाबदारी माझी. जाताना ही म्हणाली, मका गुडघ्याला आला की छाटा, माझी वाट बघू नका. म्हटलं, काळजीच सोड.

२३ डिसेंबर, सकाळी
मका गुडघ्याला. कोयत्याला धार लावली. पण झाडं तिची, परस्पर हात लावणं बरं दिसत नाही. चार दिवसांत येईलच.

३० डिसेंबर
आली नाही. पाला वाढतोय, म्हणजे नत्रही वाढतंय. थांबण्यातच फायदा. फोनवर तिने विचारलं, छाटलंत का? म्हटलं, केव्हाच! मका कसा आहे? म्हटलं, हिरवा काळाभोर. ती हसली. मग बराच वेळ खोकली.

८ जानेवारी
खालची पानं पिवळी. थंडीमुळे. शेजारी म्हणतो, वर झाडांची सावली, खाली पोटाला काही नाही, निदान युरिया तरी टाका. तत्त्व म्हणजे तत्त्व. मुलीचा फोन: बाबा, एकदा येऊन जा. छाटणी राहिलीय, कसा जाऊ?

१५ जानेवारी
कोयता घेऊन बांधावर गेलो. एक फांदी धरलीसुद्धा. छाटली तर तिच्यावाचून काम भागतं असं होईल. परत आलो. गुडघा दुखतोय.

२० जानेवारी
ती गेली. पहाटे.

४ फेब्रुवारी
मुलगी आईची पिशवी घेऊन आली. चष्मा, कंगवा, स्वेटर. शेतातलं एक पिवळं पान तिने तोडून बघितलं. मीच म्हटलं, यंदा हवाच वाईट होती. मग तिने सांगितलं, आई म्हणायची, त्यांनी छाटलं नसणार, माझी वाट बघत असतील. मका गेला तर गेला, त्यांना कुणी बोलू नका.

संध्याकाळी कोयता घेऊन गेलो. सगळी रांग फुलली आहे. फुलं आल्यावर पाल्यात जोर राहत नाही, तीच सांगायची. तरी छाटत बसलो.