आमच्या घरातून गेलेला रस्ता

प्रति,
मा. रस्ते व नकाशा अधिकारी,
नगर कार्यालय.

विषय : राहत्या घरातून दाखवलेला रस्ता नकाशावरून काढून टाकणेबाबत.
संदर्भ : घर पाडण्याबाबतची आपली नोटीस.

महोदय,

मी शिवणकाम करते. आमच्या घराचे पुढचे दार एका गल्लीत आणि मागचे दुसऱ्या गल्लीत उघडते. वळसा वाचावा म्हणून शेजारीपाजारी वर्षानुवर्षे "वहिनी, जाते हं!" म्हणत आमच्या घरातूनच ये-जा करतात. आम्ही कधी कोणाला अडवले नाही. शेजारधर्म म्हटला, दुसरे काय!

त्यांच्या खिशातल्या मोबाइलनी ही ये-जा टिपली, ती सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर जमा झाली, आणि कुणा उत्साही माणसाने घरबसल्या रेघ ओढून तिथे रस्ता केला. आपल्या कार्यालयाने तो नकाशा जसाच्या तसा उचलला. आता रस्ता खरा आणि घर अतिक्रमण, असे नोटीस म्हणते.

खुल्या नकाशात कोणालाही दुरुस्ती करता येते, म्हणून माझ्या नणंदेने ती रेघ पुसली. रेघ परत आली. नकाशावाले म्हणतात, सरकारी नोंदीत रस्ता आहे, आम्ही कसा काढणार? आपले लिपिक म्हणतात, खुल्या नकाशात आहे, आम्ही कसा काढणार? इकडे आड, तिकडे विहीर, असे माझे झाले आहे.

मागचे दार बंद केले, तर सार्वजनिक रस्ता अडवल्याची दुसरी नोटीस आली. उघडे ठेवले, तर दुचाकीवाले आत डोकावून म्हणतात, "मावशी, खाट जरा बाजूला घ्या की!" खाटेवर माझ्या सासूबाई असतात. त्यांना उठता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांना धाप लागली. रुग्णवाहिका आली आणि पुढे जायला वाट द्या म्हणून आमच्याच दारात हॉर्न वाजवत राहिली. मी ओरडले, "अहो, पेशंट इथेच आहे!" चालकाने मोबाइल दाखवला. "ताई, इथे घरच नाही." मला रडू आले, महोदय. लपवू कशाला?

सोमवारी आपली माणसे पाडायला येणार आहेत. आम्हाला दुसरे छप्पर नाही. तरी त्याआधी आपण स्वतः येऊन घर डोळ्यांनी पाहावे, ही हात जोडून विनंती.

सासूबाईंना मी अजून काही सांगितलेले नाही. रोज इतकी माणसे डोकावतात, त्यांना वाटते, सगळे आपल्या तब्येतीची चौकशी करायला येतात. सोमवारी येणाऱ्यांनाही त्या म्हणतील, "बसा, चहा घेऊन जा."

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार
(सही)
शुक्रवार

सोबत : दोन्ही नोटिसा व घराचे खरेदीखत.