धोंड्यातली अंगठी आणि कंपनीची शपथ

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
अधिक महिना, मंगळवार

ती. मामांच्या पायाशी जावई सोमनाथचा दंडवत. इकडं मी धडधाकट आहे, तिकडं तुमचे गुडघे आणि मामींची बीपी ठिकाणावर असावी. (बीपी परवाच्या रविवारी माझ्यामुळंच वाढली, हे ठाऊक असूनही विचारतोय.) सायली बरी असेलच; माहेरी कोण बरं नसतं?

तर मामा, खुलताबादला तुमच्या घरी धोंड्याच्या जेवणात मी जे केलं, त्याचा हा खुलासा. आमच्या कंपनीत मागच्या महिन्यात आचारसंहिता आली. पुण्याहून एक साहेब आले आणि आम्हाला रांगेत उभं करून शपथ घ्यायला लावली : पुरवठादाराकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, नातं असेल तर लपवायचं नाही. आधी सगळे हसले. मग कसली हवा लागली कुणास ठाऊक, माणसं खरंच सुधारायला लागली! गेटवरचे कडूबा ट्रकवाल्यांच्या तंबाखूला नाही म्हणायला लागले (आणि तलफेपायी दुपारपर्यंत सगळ्यांवर खेकसायला लागले). आमच्या खात्यातल्या ऋतुराजनं कधीकाळी घरी नेलेला पाना गुपचूप आणून ठेवला. तक्रारींसाठी गुप्त नंबर दिला होता, त्यावर म्हणे सगळ्या तक्रारी कॅन्टीनच्या पातळ वरणाच्याच आल्या; पण वरण दाट झालं, हे कबूल करायला पाहिजे. असल्या वातावरणात मीच तेवढा चोर कसा राहू? पडेगावच्या तुमच्या वखारीतून आमच्याकडं लाकडी खोकी येतात, ती तपासून घेणारा मी, आणि तुम्ही माझे सासरे, हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं.

हे ओझं घेऊन मी पाटावर बसलो. मामींनी पाय धुतले, ओवाळलं, अनारशांच्या ताटात दिवा लावून वाण पुढं केलं, तोवर मी गप्प. पण धोंडा फोडून पहिला घास घेतला अन् पुरणातली सोन्याची अंगठी कचकन दाताखाली आली, तशी मला शपथ आठवली. शहाणा जावई असता तर गालात हसून बोटात घातली असती. मी ती धुतली, पुसली, समद्या भावकीदेखत तुमच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, "पुरवठादाराकडून काही घेता येत नाही." बाप रे! मामींच्या हातातली तुपाची वाटी हातातच राहिली. तुमचे थोरले बंधू म्हणाले, "जावायाला मोटारसायकल पाहिजे असंल." सायली मात्र वाढायचं सोडून आत निघून गेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. निघताना ती गाडीवर बसलीच नाही.

सोमवारी मी मोनाली मॅडमकडं (त्या कंपनीत आचारसंहितेचं बघतात) छाती फुगवून गेलो. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, नातं आम्हाला सांगायचं होतं, सासूबाईंना नाही! आम्ही तुमचं काम बदलून दिलं असतं की! आता दिलंय बदलून. तुमची खोकी यापुढं माझ्या शेजारी बसणारा सर्जेराव तपासणार. त्यानं आज पहिलीच गाडी माघारी पाठवली, हे तुम्हाला कळलंच असंल. खिळे बाहेर आले होते म्हणे. (खरं सांगू? मला ते लई दिवसांपासून दिसत होते.) रागावू नका मामा, नवे खिळे ठोकून घ्या. लपवण्यासारखं काही उरलं नाही, त्यामुळं माझा जीव कसा हलका झालाय म्हणून सांगू! अंग टाकलं की झोप लागतेय.

मामींना माझा नमस्कार आणि माफी, दोन्ही सांगा.

तुमचाच,
सोमनाथ

ता. क. अमावस्येला हा महिना संपतो, मग धोंडे थेट तीन वर्षांनी. येत्या रविवारी मी पुन्हा येऊन पाटावर बसलो तर चालंल का? मॅडम म्हणाल्या, आता अंगठी घेतली तरी हरकत नाही.

आणखी एक. अंगठी राहू द्या. वर झोपेचं लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. सायली फोन उचलत नाही, घर नुसतं खायला उठतंय. तिला तेवढं धाडून द्या. पुरवठादाराच्या घरून बायको परत आणणं नियमात बसतं का, हे मी मोनाली मॅडमकडून लेखी घेतलंय. बसतं. हे मात्र सायलीला सांगू नका.