सफाईचा फोल्डर

सोमवार, ३
नोकरी लागली! फोटो स्टुडिओत, जुने फोटो साफ करायची. दुकान छोटं, पण उजेड छान आणि खुर्ची चक्क न कुरकुरणारी. मालक दिलदार, फक्त बोलायला लागले की थांबत नाहीत. इथली रीत त्यांनी आल्या आल्या समजावली. सगळ्या कॉम्प्युटरांवर मिळून एकच 'सफाई' फोल्डर शेअर केलेला आहे. त्यात जे पडेल ते ज्याचा हात रिकामा असेल त्यानं साफ करायचं आणि मूळ फाईलवरच सेव्ह करायचं. जुनी प्रत ठेवायची नाही. ही शिस्त माझ्याआधीच्या कारागिराची. डाग, सुरकुती, मागून डोकावणारा माणूस, जे जास्तीचं वाटेल ते काढून टाकत, म्हणून सगळे त्यांना लख्खकाका म्हणत. गेल्या वर्षी वारले बिचारे.

बुधवार, ५
बबडीच्या सहाव्या वाढदिवसाचा फोटो मोठा छापून घ्यायचाय. एकेक फोटो निवडायचा कंटाळा, म्हणून घरचा अख्खा फोल्डरच उचलून 'सफाई'त टाकला. त्यातच ही रोजनिशीही आहे. आळस माझा आणि लेकीनं तो पुरेपूर उचललाय. दात घासायलासुद्धा लाडीगोडी लावावी लागते.

शुक्रवार, ७
गंमतच झाली. घरच्या फोटोत भिंतीवर ओल आलेली दिसायची, ती कोणीतरी पुसलीय. मालकांना विचारलं, तर म्हणाले, मला माउस धरता येतो तेवढंच पुष्कळ. घरी गेले तर खरोखरच्या भिंतीवरही ओल नाही! नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, कसली ओल?

सोमवार, १०
सासूबाईंच्या हनुवटीवरची चामखीळ गेली. फोटोतूनही आणि हनुवटीवरूनही. आपल्याला ती कधी होती हेच त्यांना मान्य नाही, उलट मलाच डोळे तपासून घ्यायला सांगितलं. हसले खरी, पण उठून आरशात डोळे बघून आले.

मंगळवार, ११
मोत्या नाही. फोटोंत त्याच्या जागी नुसती स्वच्छ फरशी. घरी त्याची ताटली नाही, पट्टा नाही. बबडी म्हणाली, आपल्याकडे कुत्रा कुठे होता? काल त्याच्याच पोटावर डोकं ठेवून झोपली होती ती.
फोल्डरात शेवटचा बदल कोणी केला ते पाहिलं. लख्खकाका. मालकांनी त्यांचा कॉम्प्युटर माळ्यावरून काढून दाखवला. आतली डिस्क कधीच काढलेली, वायर उंदरांनी कुरतडलेली. नेटवर्कच्या यादीत मात्र तो चालू आहे. मला भीती वाटते आहे.

बुधवार, १२, सकाळ
शेअरिंग बंद होत नाही. फोल्डर वापरात आहे म्हणे. नेटवर्कची वायर उपटली, तरीही — मालक म्हणतात, रजा घे.
बबडी बाकी सगळ्या फोटोंतून गेली. वाढदिवसाचा एकच उरलाय, तोही लख्खकाकांच्या नावावर उघडा. पुढच्या पडलेल्या दाताची फट आत्ता बुजली, माझ्यादेखत. घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, तिचा दात पडलाच कधी?
पेनड्राइव्हवर घेते. हा फोटो नाही देणार —

दुपार
कॉपी करायचं होतं. घाईत कट केलं. मध्येच तुटलं. पेनड्राइव्ह रिकामा. फोल्डरातही नाही. मीच — माझ्याच हातानं —
नवऱ्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, कोण बबडी? आपल्याला मूल कुठे आहे?
मला आठवतंय. फोटो काढणारी मी, एकाही फोटोत नाही. मी आहे ती फक्त या रोजनिशीत. आणि ही फाईल —
ही पण त्याच फोल्डरात.

आत्ता
वर लख्खकाकांचं नाव आलंय. दुसरा कर्सर. खालून पुसत येतोय. मी लिहिते, तो मागून —
सहा वर्षांची. डाव्या गालावर खळी. झोपताना माझं बोट धरते. पुढचा दात
पुढचा
तिला आम्ही लाडानं