पंखाला घातलेले टाके

नाना, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज कुठे तुम्हाला सांगण्याजोगं काही माझ्या हाती लागलंय. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलतेय, सून टाइप करतेय आणि मधेच थांबून हसतेय. हसू दे.

टपालाचं विमान आपल्या माळावर उतरलं तो दिवस आठवतो? पत्रं आभाळातून जायला लागून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. गिधाड आदळून पंखाचं कापड फाटलेलं, आणि तो तरुण वैमानिक टपालाच्या थैलीवर ठाण मांडून विचारतोय, "इथे शिंपी कोण?" सगळा गाव तुमच्याकडे बघतोय. आई म्हणाली, "झंपराला बाही धड लावता येत नाही, निघाले विमानाला पंख लावायला!" तुम्ही सुई उचललीत. तो दाखवत गेला, तुम्ही शिवत गेलात, तुमची ही लेक दोरा धरून बसली. वरून त्यानं उग्र वासाचं रोगण फासलं. ते वाळल्यावर तुम्ही हात जोडलेत, "साहेब, टाका उसवला तर?"

"उसवला तर बोल लावायला मी परत येणार नाही, मास्तर!" असं म्हणून हसला, आणि गेला की उडून! टपाल मद्रासला पोचल्याची खबर पोस्टमास्तरांनी आणेपर्यंत तुमच्या घशाखाली घास उतरला नाही.

परवा इथे न्यूझीलंडात, हॅमिल्टनजवळच्या एका धावपट्टीवर मुलगा आणि नात मला घेऊन गेले. तिथे तसंच जुनं, एकावर एक पंखांचं विमान, अजून उडणारं. त्याचा म्हातारा गोरा मालक इथल्या माओरी पद्धतीनं नमस्कार करत म्हणाला, "किया ओरा! बसणार?"

"आई, वय काय तुझं!" मुलगा ओरडला.

"डॅड, शी'ल बी स्वीट अ‍ॅज!" नात म्हणाली. म्हणजे इथल्या बोलीत, काही होत नाही तिला.

मी म्हटलं, "वय झालंय म्हणूनच बसते. आता काय माझं लग्न मोडणार आहे?" आणि पदर खोचला.

नाना, पंख खरंच कापडाचा! टिचकी मारली तर डफासारखा वाजला. वर वारा असा, की कवळी सांभाळू की जीव, कळेना. आणि त्या टपालवाल्या पोरानं हेच एकट्यानं केलं. परक्यांच्या सुखदुःखाच्या चिठ्ठ्या जवळ घेऊन, तुमच्या टाक्यांच्या भरवशावर. कसलं काळीज असेल ते!

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, असं सुनेला विचारलं तर तिनं तेही टाइप केलं. राहू दे इथेच. घरी सगळ्यांना मी ऐटीत सांगितलं, खाली गाई दिसल्या, दुधाची फॅक्टरी दिसली. तुम्हाला म्हणून सांगते, आणि सुनेला कुणाला न सांगायची शपथ घातलीय, वर असताना मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्या वैमानिक पोराला तर डोळे मिटायचीही सोय नव्हती.