चित्रातली बाई कुठं उभी हाय?

नवी पेठ, सोलापूर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी (इंग्रजी तारीख ऑफिसातल्या भिंतीवर राहिली)

रा. रा. आबासाहेब यांच्या सेवेशी, श्रीपूर मुक्कामी, व्याही एकनाथ याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपण सर्व मंडळी खुशाल असाल अशी खात्री बाळगून आहे. आपला उजवा गुडघा थंडीत कुरकुरतो, त्याला कोमट तेल चोळत चला (चोळणारे आमचे जावई असतील तर त्यांनी जरा जोर लावावा, कारखान्यातला जोर घरीही चालतो). सौ. विहीणबाईंना नमस्कार. चि. सौ. प्रेमलाला अनेक आशीर्वाद, आणि तिच्या पायांवर सूज येते का, एवढे मात्र उलट टपाली कळवावे. याउपर तिच्याविषयी या पत्रात एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असते, पण माझ्या घरी बाईमाणूस नाही, म्हणून ते आपल्याकडेच करायचे, असे विहीणबाईंनी मागच्या भेटीत ठरवून टाकले. त्यांचे म्हणणे रास्त आहे. प्रेमलाची आई जाऊन दोन वर्षे होत आली, आणि आई नाही तिथे कसले माहेर, असे त्या म्हणाल्या तेव्हा मीच आधी मान डोलावली. सबब तो विषय संपला. हे पत्र केवळ माझ्या नोकरीतली एक गंमत कळवण्यासाठी आहे.

तुमची बदली नेमकी कशावर झाली, असे आपण विचारले होते, आणि मला तेव्हा नीट सांगता आले नाही, कारण मलाही ठाऊक नव्हते. आता सांगतो. आमच्या खात्याची एक जीप गावोगाव जाते. तिच्या टपावर कर्णा आहे, त्यावर गाणी लागतात, माणसे जमली की एक नर्सबाई मोठाली चित्रे दाखवून पोटुशा बायकांनी काय खावे, विसावा किती घ्यावा, टोचून केव्हा घ्यावे हे समजावून सांगते आणि जीप निघून जाते. महिन्याभराने तीच जीप, तोच कर्णा आणि तीच चित्रे घेऊन मी जातो आणि विचारतो की त्यातले तुमच्या डोक्यात काय राहिले. याला मूल्यमापन म्हणतात. म्हणजे पंगतीत वाढणारे वाढून जातात आणि मी मागाहून येऊन जेवण झाले का विचारतो. अशा माणसाला कोणी पाट मांडून बसवत नाही. ड्रायव्हर पहिल्या लिंबाखाली आडवा होतो, नर्सबाई दुसऱ्या तालुक्यात असतात, आणि मी काखेत चित्रांची गुंडाळी धरून घरोघर फिरतो. दिवसभर शंभर तोंडांशी बोलून संध्याकाळी ध्यानात येते की आपल्याशी कोणीच बोलले नाही. (हे तक्रार म्हणून लिहिले नाही. सरकारी नोकरी आहे, सावलीतली आहे.)

तर गेल्या आठवड्यात अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही, त्याचे कारण पुढे कळेल. चावडीच्या भिंतीवर मी सगळ्यांत मोठे चित्र टांगले. त्यात एक गरोदर बाई गोल पातळ नेसून ताठ उभी आहे, उजव्या हातात दुधाचा पेला आहे, आणि गरोदरपणात कोणाला इतके हसू येत असेल का, असे वाटण्याइतकी हसते आहे. आमच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न वरच्या ऑफिसातून आलेला आहे. तो असा की, चित्रातील बाईबद्दल आपले मत द्या. हा प्रश्न ज्याने लिहिला त्याला त्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक ऐन तोंडावर आली आहे हे ठाऊक असायचे कारण नव्हते. मला ठाऊक असायला हवे होते, पण मी भिंतींवरच्या जाहिराती वाचत नाही, दिवसभर वाचणे हेच काम असते.

पहिल्याच घरी म्हाताऱ्याला म्हटले, या बाईबद्दल मत द्या. तो म्हणाला, ‘‘मत आमचं ठरलंय की. कोंडीबाला.’’ मला वाटले, कोंडीबा नावाचा कोणी स्वयंसेवक असेल, त्याच्याकडून माहिती मिळाली असे त्याला सांगायचे असेल. मी तसे लिहून घेतले. दुसऱ्या घरीही कोंडीबा. तिसऱ्या घरी दोन कोंडीबा आणि एक ‘‘बघू अजून.’’ आबासाहेब, खोटे कशाला सांगू, मला भरून आले. खात्याचा एवढा खर्च होतो आणि इथे एक माणूस गाजावाजा न करता घरोघर पोटुशा बायकांची चौकशी करतो, असे समजून मी त्या कोंडीबाच्या सत्काराचा मसुदा मनात तयार करू लागलो.

चावडीशी परत आलो तर चित्रापुढे ही गर्दी. एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘‘ही बाई कुटं उभी हाय?’’ मी चित्राकडे पाहिले. मागे चूल होती, तेव्हा म्हणालो, स्वयंपाकघरात उभी आहे. त्याला वाटले मी दडवतो आहे. ‘‘न्हाय, वार्ड कुटला?’’ मी म्हणालो, वॉर्डाचा प्रश्न नाही, प्रत्येक वॉर्डात अशी बाई असतेच. यावर तो पांढरा पडला. तेवढ्यात दुसरा म्हणाला, ‘‘निशाणी पेला हाय व्हय?’’ मी, मूर्ख माणूस, पेला शब्द ऐकून हुरळलो. म्हटले, चला, निदान पेला तरी लक्षात राहिला. मी मोठ्याने सांगितले की पेला हीच मुख्य गोष्ट आहे, घरातल्या पोटुशा बाईला रोज एक पेला दूध मिळालेच पाहिजे, आणि हे सरकारचे म्हणणे आहे. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. आजवर उभ्या राहिलेल्यांपैकी कोणी दुधाचे नाव काढले नव्हते म्हणे. दोघीतिघींनी पेल्यावर शिक्का मारायचे तिथल्या तिथे ठरवले.

मग स्वतः कोंडीबा आले. ते स्वयंसेवक नव्हते, सरपंच होते, आणि पुन्हा उभे होते. त्यांनी मला रामराम केला, तो असा की माझी टोपी आपोआप डोक्यावरून उतरली. त्यांचे म्हणणे एवढेच होते की सोलापूरच्या ऑफिसाला आपल्याविरुद्ध माणूस उभा करायचाच होता तर निदान गावातला करायचा होता, ही बाई कोण, कुठली, पातळसुद्धा आपल्याकडचे नाही. मी मत या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगू लागलो. आबासाहेब, ज्याची निवडणूक आहे त्याला मत शब्दाचा दुसरा अर्थ सांगून पाहा एकदा.

गावात दगडाबाई म्हणून एक आजी आहेत. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या, डोळ्यांवर हात धरून खालून वर पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘आरं, बाई पोटुशी हाय की. पोटुशा बाईला कशाला उभी करता? बसवा की तिला.’’ कोंडीबांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘व्हय साहेब, बसवा. लई उपकार हुतील.’’ मी दुसरे काय करणार, चित्र भिंतीवरून काढले आणि गुंडाळी केली. बाई बसली. माघार घेतली, अशी वार्ता जीपच्या आधी वेशीपर्यंत पोचली. मला चहा झाला, टॉवेल-नारळ झाला, आणि कोंडीबांनी चित्राच्या गुंडाळीवर हळदकुंकू वाहून खण ठेवला, कारण माघार घेतलेल्या बाईला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे. प्रश्नावलीत मी काय लिहावे हे मला आजही कळलेले नाही.

परतीच्या वाटेवर हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ड्रायव्हरने एकदा वळून पाहिले आणि गाडी जपून चालवू लागला. घरी आलो, कुलूप काढले, टॉवेल-नारळ ठेवला आणि तोंड उघडून सांगायला सुरुवातही केली, तेव्हा ध्यानात आले की सांगायला कोणी नाही. प्रेमलाची आई असती तर पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून हसली असती, आणि मग मलाच रागावली असती की तुम्हाला साधी निवडणूक कळत नाही. मी दोन माणसांचा भात टाकला होता. अजून तसाच टाकतो. हाताला सवय आहे. ही गंमत कोणाला तरी सांगितल्याशिवाय शिळी होऊ लागली, म्हणून आपल्याला लिहीत आहे.

दगडाबाईंचे एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मागच्या भेटीत मी जेवत होतो तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात भाकऱ्या वाढायला कोण उभे होते, ते मला आठवले. पण त्याविषयी लिहायचे नाही असे ठरले आहे.

या कामातली आणखी एक अडचण सांगतो. ज्या पोटुशा मुलींसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याकडून आजवर मला एक उत्तर मिळालेले नाही. सुनेला विचारावे तर सासू सांगते. सासूला म्हणावे, तिला बोलू द्या, तर मुलगी खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत हसते. आमचा नियम असा आहे की जो गप्प बसेल किंवा नुसता हसेल, त्याचे उत्तर ‘माहीत नाही’ या रकान्यात टाकायचे. माझ्याकडे तो रकाना ओसंडून वाहतो आहे. एवढ्या सगळ्या मुलींना स्वतःविषयी काहीच माहीत नाही, हे मला पटत नाही, पण साहेबांना रकाना हवा असतो.

साहेब काल म्हणाले, एकनाथराव, कार्यक्रमाने फरक पडला असा एक तरी माणूस दाखवा, नाहीतर जीप बंद होईल. मी म्हणालो, एक आहे. त्याने हे व्याख्यान इतक्यांदा ऐकले आहे की सगळे तोंडपाठ आहे, पालेभाजी कोणती, गोळ्या केव्हा, डाव्या कुशीवर का निजायचे, बाळाची नाळ कापायचे पाते किती वेळ उकळायचे, आणि तो ते सगळे करायला टपून बसला आहे. साहेबांनी आनंदाने नाव विचारले. मी म्हणालो, घरची मंडळी राजी झाली की कळवतो.

असो. फार वाहवत गेलो. कृपालोभ आहेच, तो उसाच्या हंगामातही आटू देऊ नये. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
एकनाथ

ता. क. माझ्या घरी बाईमाणूस नाही, हे आता तितकेसे खरे नाही. ऑफिसच्या कपाटात ओल येते म्हणून चित्रातल्या बाईला मी खोलीत भिंतीवर लावले आहे. सकाळी चहा करताना तिला विचारतो, बाई, आज कुठे उभ्या? ती हसते. तेवढेच बोलणे होते, पण होते.

आणखी ता. क. वरील मजकूर विहीणबाईंना वाचून दाखवू नये, माझ्या डोक्याविषयी शंका येईल. त्यांना असे सांगावे की शेजारच्या नागम्मा (विड्या वळतात, तीन सुनांची सहा बाळंतपणे काढली, हाताला यश आहे) बाळंतपणाचे तीन महिने माझ्याकडे येऊन राहायला तयार आहेत. मी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘मी हाय की. तुमी गप बसा.’’ सरकारी दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. डिंक, आळीव, बाळंतशोपा आणून डब्यांवर नावे घातली आहेत. एक बाजही घेतली आहे. ती जिन्यातून येईना, तेव्हा खालच्या कापडवाल्याच्या माणसांनी दोर लावून खिडकीतून वर ओढली आणि अर्धी नवी पेठ मान वर करून बघत राहिली. हमालाने विचारले, बाळंतपण कुणाचं? मी गडबडीत म्हणालो, माझं. तेव्हापासून पेठेत लोक माझ्या तब्येतीची चौकशी करतात, आणि खोटे का सांगू, बरे वाटते.

शेवटचे ता. क. विषय संपला असे वर लिहिले आहे, ते खोडले असे समजावे. आबासाहेब, आपण ठरवले, विहीणबाईंनी ठरवले, मी मान डोलावली, पण प्रेमलाला कोणी विचारले नाही. माझी एक विनंती आहे. तिला एकदा विचारा की बाळंतपणाला कुठे राहायचे तुझ्या मनात आहे, आणि विहीणबाईंना म्हणावे, तेवढा वेळ उत्तर देऊ नका. ती उभी असेल तर आधी बसवा. ती श्रीपूर म्हणाली तर मी ते डोळ्यांना लावीन आणि बाज नागम्माच्या धाकट्या सुनेला देऊन टाकीन. आणि ती काहीच बोलली नाही, खाली मान घालून नुसती हसली, तर आमच्या नियमाप्रमाणे ते उत्तर ‘माहीत नाही’ मध्ये पडते. पण तिच्या आईचे हसू मी तीस वर्षे वाचले आहे. तेवढे एक आपण सोलापूरच्या रकान्यात टाका.