खुर्चीवर ठेवलेला ॲम्प

१४ मार्च, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बराच बरा आहे. जिना चढते आणि वर पोचल्यावर "बघ, चढले की नाही?" असं आम्हालाच विचारते. बाबांनी रेडिओ दुरुस्त करायला उघडला होता, तो अजून उघडाच आहे. मी मजेत. स्टुडिओच्या भिंतींना यंदा ओल आली नाही, एवढ्यावरही मी खूश आहे.

मागच्या फोनवर तू विचारलंस, हल्ली कसलं काम चाललंय, तर मी "असंच, किरकोळ" म्हणून टाळलं. किरकोळ नव्हतं ते. वहिनी येत होती माझ्याकडे. स्वतःच्या चाली रेकॉर्ड करायला. शब्द नाहीत, गाणारं कोणी नाही, नुसती तिची गिटार. पत्र लगेच बाजूला ठेवू नकोस. आधी काय झालं ते ऐक.

गिटारचा ॲम्प तिचा तोच जुना, तुमच्या बँडमधला, स्पीकरवरचं कापड कोपऱ्यात फाटलेला. खोलीत वाजवला की अंगावर काटा यावा असा आवाज, आणि तोच माइकमधून हेडफोनमध्ये आला की पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. मी माइक बदलून पाहिला. पडदे सोडले. गादी आणून भिंतीला उभी केली. माशी काही हटेना. शेवटी कंटाळून म्हटलं, "जाऊ दे, तू वाजवून टाक. मी नंतर कॉम्प्युटरवर सुधारते."

"मुळात वाईट आहे ते नंतर चांगलं कसं होईल?" ती म्हणाली. "थांबा जरा, वन्सं."

मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते, तुला माहीत आहे. अजून म्हणते.

तिने ॲम्पचा आवाज लहान केला, गिटार माझ्या गळ्यात अडकवली, "एकच तार छेडत राहा" म्हणाली आणि स्वतः सरळ फरशीवर आडवी झाली. माइक होता तिथे कान नेला. बराच वेळ तशीच पडून होती. मग एकदम हसायलाच लागली.

"अगं, इतकी वर्षं मी उभी राहून ऐकत आले. सगळा आवाज माझ्या गुडघ्यांवरून जात होता! माइक बिचारा त्याच्या तोंडाशी. त्याला काय ऐकावं लागतं, ते मी कधी ऐकलंच नव्हतं."

त्यानंतर ती मला एका जागी बसू देईना. ॲम्प उचलून माझ्या खुर्चीवर ठेवला, तर फरशीमुळे येणारी घूं घूं गेली. माइक स्पीकरच्या बरोबर मध्यावर होता, तो ती कडेकडे सरकवत राहिली, बोटभर, मग अर्धं बोट. मी हेडफोन लावून ओरडतेय, "अजून... अजून... थांब! मागे घे!" आणि माशी उडाली. दादा, आवाज इतका मोकळा झाला, की मी हेडफोन काढून ॲम्पकडे बघितलं, हा तोच आहे ना म्हणून.

मग तिने गेनचं बटण निम्म्यावर आणलं. तेच, ज्याने आवाज जाड आणि खरखरीत होतो. कार्यक्रमाआधी ते तू लावून द्यायचास, भरीव वाटतं म्हणून.

मी म्हटलं, "इतकं कमी केलंस तर बारीकशी चूकही ऐकू येईल."

"येऊ दे ना. बोटं माझीच आहेत."

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेला. "बाई, माझा पेशंट विचारतोय, मशीन बंद आहे तर आवाज कुठून येतोय?" हसून हसून आमची पुरेवाट झाली. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतच वाजवायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन जिन्यावर येऊन बसले. तिने शेवटची चाल सुरू केली, आणि त्यांच्याने डबा उघडवेना.

माझंही तेच झालं. कारण ती चाल मी ओळखली. तू दुसरं कडवं गायचास ना, तेव्हा तुझ्यामागे ती जे वाजवायची तेच. टाळ्या तुला पडायच्या आणि पडायलाच हव्या होत्या, तू गायचासच तसा. पण त्या आवाजाखाली हे एवढं सगळं चाललेलं असायचं, दादा! एके ठिकाणी तिचं बोट किंचित घसरलं. तिने थांबवलं नाही. त्या घसरण्यातूनच ती पुढचा सूर असा काही घेऊन आली, की पुन्हा वाजव म्हणायची माझी छाती झाली नाही. आजवर माझ्या खोलीत इतकं चांगलं कोणी वाजवलेलं नाही.

आता तुझं काम. "तू बोलून बघ, तुझं ऐकेल ती," असं तू म्हणाला होतास. मी रोज उद्यावर ढकलत होते. त्या दिवशी ती वायर गुंडाळत होती, तेव्हा बोलले.

"वहिनी, दादा म्हणत होता, परत ये. घरात आणि बँडमध्येही. सगळं पहिल्यासारखं करू म्हणतोय."

तिने वायर पूर्ण गुंडाळली, गाठ मारली.

"मनापासून म्हणतोय तो, माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याला सांग, राग नाही उरला. खरंच नाही. पण पहिल्यासारखं नको गं मला. मी नाही येणार."

मग तिचे डोळे भरले, माझेही. डॉक्टर जाताना डब्यातली बिस्किटं देऊन गेले होते, ती आम्ही खाल्ली.

मी तिला आणखी समजावलं नाही. तू विचारशील, का नाही? तिला वाजवताना ऐकलं होतं ना मी. ज्या बाईला स्वतःचा आवाज असा हाती लागलाय, तिला माघारी चल म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तुझी बहीण असूनही नाही. आईबाबांना मी काही बोललेले नाही. ते तू सांग, जमेल तेव्हा.

सोबत ती चाल पाठवते आहे, तिला विचारून. फोनवर ऐकू नकोस, चांगल्या स्पीकरवर ऐक, दार लावून. शेवटचा सूर विरला की नुसती ॲम्पची घरघर राहते. मी ती कापायला निघाले होते, तिने ठेवायला लावली. तिथपर्यंत ऐक. मग मला फोन कर. रडलास तरी चालेल, भांडलास तरी चालेल. मी उचलणार आहे.

तुझी,
धाकटी