लेआउटच्या नळाला पाणी

बाबा, मी समितीचे कागद घेऊन बसले होते, पण तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. गावाला लागून तिसरा लेआउट पडलाय. तिथल्या लोकांनी नळ मागितलाय, अन् पाणी समितीवर तुमची लेक आहे. हसू नका.

पहिला लेआउट पडला तेव्हा कापसाला भाव नव्हता. लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलेली शेतं पाहता पाहता प्लॉट झाली. आधी चुन्याच्या रेषा, मग घरं, मग माणसं. टाकी मात्र जुन्या गावापुरतीच. तुम्ही ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. ज्या गावच्या विहिरीवर आजीला घागर घेऊन लांब उभं राहावं लागे, कोणी वरून ओतलं तरच पाणी, त्याच गावाच्या व्हॉल्व्हची लांबलचक लोखंडी चावी तुमच्या खांद्यावर. तुम्ही त्याचा तोरा कधी मिरवला नाही. मी मिरवायचे, शाळेत.

लेआउटच्या बाया रिकाम्या घागरी-गुंड्या घेऊन आपल्या दारात आल्या, तो दिवस लख्ख आठवतो. आई चुलीवर भाकर टाकतेय, तुम्ही चहा पिताय. बायांच्या मागोमाग गावातली माणसं येतात, तावातावानं. "आपल्यालेच पुरत नाही, त्याहीले कायले देता? टाकी का त्याहीच्या बापाची हाय?" तुम्ही कप खाली ठेवता. "पुरत नाही हे कोनं पाह्यलं? म्या तं नाही पाह्यलं अजून. पाहून सांगतो."

मग आठवडाभर बादली अन् घड्याळ घेऊन दारोदार फिरलात. नळाखाली बादली लावायची, भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं, पुढच्या घरी जायचं. याचं डोकं फिरलं, म्हणाले लोक. मला तर लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि निघालं काय? कितीतरी नळांना तोट्याच नाहीत. घरचं भरलं की पाणी खुशाल नालीत. आपल्याही नळाला नव्हती. अख्ख्या गल्लीदेखत मला म्हणालात, "तुले दिसलं नाही का वं? रोज पानी भरतं ना तू?" मी रडले. तुम्ही पहिली तोटी आपल्याच नळाला बसवलीत, मग गल्लीला. त्या तोट्यांच्या जोरावर लेआउटला रोज अर्धा तास पाणी सुटलं.

लेआउटला पाणी दिलं म्हणून वरच्या गल्लीनं तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही त्यांच्याही नळाला वेळेवर पाणी सोडत राहिलात. आई चिडायची, तर एवढंच म्हणालात, "पान्यासाठी मानसाले ताटकळत ठेवू नये. म्या पाह्यलं हाय ते." तुमच्याएवढा मोठा माणूस मी नंतर पाहिला नाही, बाबा. तुम्ही गेलात, तोंडावर सांगायचं राहून गेलं.

आता माझी पाळी. दुपारी तिसऱ्या लेआउटच्या अर्जावर शेरा लिहून सही केली: 'पाणी पुरणार नाही.' शाळेत पोरं दाटीवाटीनं बसतात, दवाखान्यात बाहेरपर्यंत रांग असते, सगळ्यावरच ताण आहे, हे काही खोटं नाही. पण मी एकाही नळावर जाऊन पाहिलं नाही. माझ्या गच्चीवरची टाकी भरायला तासभर लागतो. तो तास कमी होऊ नये म्हणून लिहिलं. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तर सांगू शकतेय. अर्ज उद्या बैठकीत जाईल. शेरा अजून मी खोडलेला नाही.